एसटी स्टँडवर लागलेला निकाल

पूर्णेच्या खोऱ्यातल्या, खारपाणपट्ट्यातल्या एका गावातून हे पत्र आलं. पत्र म्हणजे फोनवरचा लांबलचक मेसेज. उत्तर सदराची वाट पाहण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी तिला पाठवून दिलं. आता तिला विचारून, नावं काढून, इथे देते आहे.

«मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. परवा आमचा केमिस्ट्रीचा पेपर झाला. सेंटर तालुक्याला आहे. पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो आणि आमच्या गावाकडची एसटी तीन वाजता लागते. तेवढा वेळ आम्ही आठ जणी स्टँडवर निंबाखाली बसतो आणि उत्तरं जुळवतो. दहावीला मी शाळेतून पहिली होती, म्हणून सगळ्या मलाच विचारतात.

माझी एक मैत्रीण आहे, पहिलीपासूनची. आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिनं एमसीक्यूत सर्वांत स्ट्राँग ॲसिड म्हणून एचआय (हायड्रोजन आयोडाइड) लिहिलं. मी म्हटलं, चुकलं तुझं, एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) आहे. फ्लोरिन सर्वांत इलेक्ट्रोनेगेटिव्ह असते आणि एचएफ तर काच पण खाते. सगळ्या म्हणाल्या, हो, एचएफच. मग हाफ लाइफ (निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ) ३० मिनिटं दिलेलं फर्स्ट ऑर्डरचं न्युमेरिकल होतं. त्यात रेट कॉन्स्टंट काढायचा होता. माझा ०.०२३१ आला आणि तिचा ३.८५ गुणिले दहाचा वजा चौथा घात. मी म्हटलं, एवढा लहान कसा येईल वं, तुझं पूर्णच चुकलं. बाकीच्या हसल्या. मी पण हसली. गाडीत ती माझ्या बाजूला बसली नाही.

आज सकाळी तिची आई हरभरा सोंगायला जाता जाता आमच्या घरी थांबली. म्हणाली, पोरगी कालपासून धड जेवली नाही, म्हणते मले गणिताचा पेपर द्यायचाच नाही. मग मी पुस्तक उघडून पाहिलं, तर एचआयच बरोबर आहे. म्हणजे माझंच चुकलं. गणिताचा पेपर चार दिवसांवर आहे. तिला आत्ता सांगू की सगळे पेपर झाल्यावर? आत्ता सांगितलं तर अजून डिस्टर्ब होईल असं वाटते. आणि खरं सांगू का, सांगायची लाज पण वाटते. माझा पण अभ्यास होऊन नाही राहिला. एक मार्क गेला तो गेलाच, पण अजून किती गेले असतील हेच डोक्यात फिरते.»

आज सांग, पोरी. तिचे आई-बाबा वावरातून परत आले की लगेच जा.

पण निघायच्या आधी कागद-पेन घेऊन बस, कारण तुझ्याच पत्रातली एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली आहे. फर्स्ट ऑर्डरच्या रिॲक्शनचा रेट कॉन्स्टंट म्हणजे ०.६९३ भागिले हाफ लाइफ. ३० नं भागलं की ०.०२३१, पर मिनिट. हे तुझं उत्तर. आता त्याच ०.०२३१ ला ६० नं भाग. ०.०००३८५ येतात. म्हणजे ३.८५ गुणिले दहाचा वजा चौथा घात, पर सेकंद. हे कुणाचं उत्तर ते तुला कळलं असेल.

तिनं आकड्यापुढे ‘पर सेकंद’ लिहिलं असेल, तर त्या गणितात तिचं काहीही चुकलेलं नाही. उत्तर मिनिटांतच द्या असं प्रश्नात होतं, असं तू कुठे लिहिलेलं नाहीस. उलट तुझ्यापेक्षा एक पायरी तिनं जास्तच केली, तीही कॅल्क्युलेटर न वापरता. एवढा लहान कसा येईल, असं तू विचारलंस. का येऊ नये? मिनिटाचं सेकंदावर आणलं की आकडा साठपट लहान होणारच. आईची रोजची मजुरी आणि हप्त्याची मजुरी, दोन्हींचा आकडा सारखा असतो का?

तर पत्रात तू एक चूक कबूल केलीस, पण स्टँडवर तू निकाल दोन दिले होतेस आणि दोन्ही उलटे लागले.

एचएफचं मात्र तुला एकटीला बोलून उपयोग नाही. अठ्ठावीस वर्षं मी हा धडा शिकवला. विचारलं की निम्मे हात एचएफसाठी वर व्हायचे, आणि कारणंही हीच दोन: फ्लोरिनची ओढ आणि काच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एचएफ काचेच्या बाटलीत ठेवतच नाहीत, प्लास्टिकच्या ठेवतात. पण काच खाते ती काचेतल्या सिलिकॉनशी फ्लोरिनचं फार जमतं म्हणून. त्यावरून ॲसिडची ताकद ठरत नाही. पाण्यात गेल्यावर हायड्रोजन किती सहज सुटतो, त्यावर ती ठरते. फ्लोरिनचा अणू लहानखुरा, हायड्रोजनला असा बिलगून बसलेला की तो बंध तोडायला मोलमागे साडेपाचशे किलोज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा लागते. आयोडिन ऐसपैस. त्याचा बंध लांब आणि ढिला, तीनशेच्या आतच तुटतो. म्हणून पाण्यात एचआय जवळपास सगळं सुटं होतं आणि एचएफ अगदी थोडं. चढता क्रम लावला तर तळाला एचएफ, मग एचसीएल, मग एचबीआर आणि सर्वांत वर एचआय. इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीवरून, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घ्यायच्या ताकदीवरून, ॲसिडची ताकद सांगायची युक्ती आवर्त सारणीत आडवं जाताना चालते. ग्रुपमध्ये, म्हणजे उभ्या रांगेत, खाली उतरताना ती फसवते, आणि परीक्षक नेमकं तेच पाहायला हा प्रश्न घालतात. सीईटीतही येऊ शकतो, तेव्हा आता विसरू नकोस.

मला खरं खटकलं ते त्या बाकीच्या मुलींचं ‘हो, एचएफच’. त्यांच्यापैकी किती जणींनी स्वतः विचार करून एचएफ लिहिलं होतं आणि किती जणी तू म्हणालीस म्हणून हो म्हणाल्या? आपल्याकडच्या बऱ्याच मुली दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावीला एकदम सगळी पुस्तकं इंग्रजीत हातात येतात. आपण वाचलेलं आपल्याला नीट कळलं की नाही, याचीच खात्री नसते. मग जी हुशार म्हणून ठरलेली असते, तिच्या तोंडाकडे पाहायची सवय लागते. तुझ्या मैत्रिणीला एक मुलगी चुकली म्हणाली असती तर ती भांडली असती. सात जणींचा निकाल आला म्हणून ती गप्प बसली, आणि तो खरा एकटीचाच होता.

हे मी वरून उपदेश करायचा म्हणून सांगत नाही. हेच माझ्या हातून झालेलं आहे, आणि मी तर शिक्षिका होते.

नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती. त्या दिवशी मला सुपरव्हिजन नव्हतं. पेपर सुटला तेव्हा मी स्टँडजवळच्या टपरीवर चहा घेत होते, तिथे पोरांनी मला गाठलं. ऑस्मॉटिक प्रेशरचं गणित होतं. द्रावण ०.१ मोलर, तापमान ३०० केल्विन. सगळ्यांचं उत्तर २.४६. मागून एक मुलगा म्हणाला, मॅडम, माझं २.४९ आलं. मी बशी तोंडाला लावता लावता म्हटलं, लॉग पाहताना ओळ चुकली असेल रे. पोट्टे हसले. तो काही बोलला नाही. सायकल काढली आणि गेला.

रात्री भाकरी थापताना एकदम लख्ख झालं. बाकीच्यांनी गॅस कॉन्स्टंट ०.०८२ घेतला होता, त्यांचं उत्तर ॲटमॉस्फिअरमध्ये. यानं ०.०८३१ घेतला असणार, म्हणजे उत्तर बारमध्ये, दाबाच्या दुसऱ्या एककात. १ ॲटमॉस्फिअर म्हणजे १.०१३ बार. २.४६ ला त्यानं गुणून पाहा, २.४९ येतात. दोन्ही उत्तरं एकच. आकड्यातला फरक इतका बारीक की मला ती चुकलेली आकडेमोड वाटली, आणि एकक कोणतं लिहिलंस एवढा साधा प्रश्न मी त्याला विचारला नाही. तव्यावरची भाकरी करपली ते सोड. तेव्हा गावागावांत फोन नव्हते, आणि तो कोणत्या गावाहून सायकल मारत येतो हेही मला माहीत नव्हतं.

पुढचा पेपर दोन दिवसांनी गणिताचा होता. तो सुटायच्या वेळेला मी फाटकाशी जाऊन उभी राहिले आणि त्याला गाठून सांगितलं. तो म्हणाला, ‘मॅडम, म्या घरी जाऊन तीनदा करून पाह्यलं. २.४९च येत होतं. पण तुम्ही म्हटलं म्हणून मले वाटलं मायंच डोकं फिरलं.’ मग जरा थांबून म्हणाला, आज गणितात दोन उत्तरं लिहून झाली होती, ती खोडून दुसरी लिहिली.

खोडलेली दोन बरोबर होती का, हे मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

म्हणून म्हणते, आज. केमिस्ट्रीच्या उत्तरपत्रिकेचा गठ्ठा गेला. तू काय म्हणालीस यानं त्यातला अर्धा मार्कही इकडचा तिकडे होणार नाही. पण चार दिवसांनी तुझी मैत्रीण इंटिग्रेशन करेल, बरोबर करेल, आणि उत्तर जरा विचित्र दिसलं की तिला तुझा आवाज ऐकू येईल: एवढं लहान कसं येईल वं. मी सांगायला पोचले तेव्हा गणिताचा पेपर होऊन गेला होता. तुझ्याकडे चार दिवस आहेत आणि तिचं घर मागच्या गल्लीत आहे.

सांगितल्यानं ती आणखी डिस्टर्ब होईल असं तुला वाटतं. आपली दोन्ही उत्तरं बरोबर होती हे कळून कुणाची झोप उडाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. अडचण पुढच्या वाक्यात आहे, लाजेच्या. ते तू लिहिलंस हे बरं केलंस. बरेच जण तेवढं वाक्य गाळून पत्र पाठवतात आणि मग मला ते दोन ओळींच्या मधून शोधावं लागतं.

जाताना पुस्तकाचं ते पान दुमडून ने आणि साठनं भागलेला तो कागद ने. बोलायचं फार नाही. ‘मी चुकली वं. एचआयच बरोबर आहे, हे पाह्य. अन् तुझा रेट कॉन्स्टंटही बरोबर आहे, तू सेकंदात काढला. मी सगळ्यांसमोर हसली, ते नव्हतं करायला पाहिजे.’ बस. ‘पण तूही किती मनावर घेतलं’ हे तुझ्या तोंडाशी नक्की येईल, ते गिळून टाक. आपला एक मार्क गेला ते रडगाणंही तिथे नको. नाहीतर समजूत घालायला तू जायचीस आणि घालून घेऊन यायचीस. ती दार लावून घेईल कदाचित. लावू दे. पुस्तक आणि कागद काकूंजवळ दे आणि घरी ये. मग जिथे बाकीच्या मुली आहेत त्या ग्रुपवर हेच दोन ओळींत टाक. ती सगळ्यांसमोर खोटी ठरली होती. नुसतं तिच्या घरी जाऊन सांगितलंस तर स्टँडवरचा निकाल तसाच राहील.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. जेवत नाही, पेपर देणार नाही म्हणते, इथवर राग आणि खचणं आहे असं मी धरून चालले आहे. पण ती जगण्यालाच कंटाळल्यासारखं काही बोलली, किंवा काकूंनी तसं काही ऐकलं, तर ते तुझ्या एकटीच्या खांद्यावर ठेवू नकोस. तिथल्या तिथे घरच्या मोठ्या माणसांना सांग, तिला एकटी सोडू नका, आणि १४४१६ हा टेलिमानसचा, मानसिक आरोग्यासाठीच्या मदतीचा, सरकारी नंबर लावा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही उचलतात. आणि गणिताचा पेपर बुडवायचा नाही हे तिच्या आईला नीट समजावून सांग. एमसीक्यूतला चुकलेला मार्क एक असतो. न दिलेल्या पेपरासाठी पुरवणीला बसावं लागतं.

आता तुझं. अजून किती गेले असतील, हे तुझ्या डोक्यात फिरतंय.

केमिस्ट्रीची प्रश्नपत्रिका डोळ्यांपुढे आण. दहा एमसीक्यू एकेक मार्काचे, आठ प्रश्न एका वाक्याचे. मग दोन मार्कांचे बारा, त्यातले कोणतेही आठ. तीन मार्कांचे बारा, त्यातले आठ. चार मार्कांचे पाच, त्यातले तीन. सोडवायचा पेपर ७० चा. छापलेल्या सगळ्या प्रश्नांचे मार्क मिळवून पाहा: १०, ८, २४, ३६ आणि २०. ९८ होतात. म्हणजे निंबाखाली तुम्ही आठ जणी जे जुळवत बसता, त्यातले २८ मार्कांचे प्रश्न प्रत्येकीनं सोडलेलेच असतात, आणि प्रत्येकीनं सोडलेले वेगळे. एक म्हणते, अगं ते गॅल्व्हॅनिक सेलचं किती सोपं होतं. दुसरीनं ते केलेलंच नसतं, करायची गरजही नव्हती, पण ऐकून तिच्या पोटात गोळा येतो. सगळ्यांचं सगळं ऐकून झालं की प्रत्येकीला वाटतं, आपलंच राहिलं.

त्यात प्रश्नपत्रिकेवर काही लिहायचं नसतं, म्हणजे हा सगळा हिशेब आठवणीवर. तीन तास लिहून दमलेल्या डोक्याची आठवण ती. काय लिहिलं आणि काय लिहायला हवं होतं, यांची तिच्यात खिचडी झालेली असते. न्युमेरिकलला तर सूत्र, किंमती आणि एककासह उत्तर, या पायऱ्यांना वेगवेगळे मार्क मिळतात. उत्तर चुकलं म्हणजे सगळं गेलं, असं नसतं. तू तिला ‘पूर्णच चुकलं’ म्हणालीस, ते चुकलं असतं तरीही खोटंच ठरलं असतं. आता तू स्वतःचा पेपर त्याच पद्धतीनं तपासते आहेस. प्रॅक्टिकलचे ३० तर पेपराच्या आधीच होऊन गेलेत, ते या मोजणीत धरलेस का? नसशील.

निकाल लागल्यावर खरंच शंका राहिली, तर मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते, आणि ती पाहून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. तेव्हा कागद समोर ठेवून काय भांडायचं ते भांड. तोवर एचएफचा एक मार्क गेला असं समज आणि गणिताचं पुस्तक उघड.

‘सगळ्या मलाच विचारतात’ हे तू तक्रारीसारखं लिहिलंस, पण त्यात तुला थोडं छानही वाटतं, हो ना? वाटू दे. मलाही वाटायचं. टपरीपाशी पोरं मला गराडा घालत तेव्हा चहा जरा जास्तच गोड लागायचा. फक्त विचारलं की उत्तर द्यायलाच हवं, असं नाही. कुणाचं उत्तर वेगळं निघालं तर आधी तिला विचार, तू कसं काढलंस? मी त्या मुलाला एवढं विचारलं असतं तर त्यानं मला बार सांगितला असता.

उत्तरं जुळवूच नका, असं मी सांगणार नाही. वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं, एकानंही ऐकलं नाही. शहरातल्या पोरांना फाटकाशी घ्यायला गाडी येते. इथे मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण गाडी तीनलाच येणार. पन्नास मिनिटं निंबाखाली बसून आठ मुली दुसरं बोलणार तरी काय! तर शेवटचा पेपर झाला की खुशाल बसा, पुस्तकं घेऊन बसा, सगळे पेपर काढा आणि पोटभर भांडा. सीईटीचा निम्मा अभ्यास त्यातच होईल, आणि तिथे निगेटिव्ह मार्किंगही नाही. तोवर पेपर सुटला की प्रश्नपत्रिका घडी करून दप्तराच्या तळाशी, डब्याखाली. आणि तुला कुणी विचारलं, पहिल्याचं काय लिहिलं गं, तर म्हण, मले आठवत नाही. मघाशी सांगितलं तसं, ते पुष्कळसं खरंच असेल.

ऊठ आता. काकू वावरातून आल्या असतील.

ता. क. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. मैत्रीण दारात आली, ऐकून घेतलं, ‘मी साठनं भागलं होतं, तुले सांगतच होती’ एवढं म्हणाली आणि आत गेली. अजून बोलत नाही. पण पुस्तक आणि कागद ठेवून घेतला. संध्याकाळी काकूंनी सांगितलं की गणिताच्या वह्या काढून बसली आहे. ‘पुस्तक परत मागू का, मॅडम? सीईटीसाठी मला पण लागते.’

मागू नकोस. लागेल तेव्हा तिच्या घरी जाऊन वाच.